देवाच्या नावानं बोलण्याची मुभा

इंग्लंडच्या जॉन राजाला 1199 साली मुकुट चढला तो ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला. त्यामुळे त्याच्या राजवटीचं प्रत्येक वर्ष त्याच सणापासून मोजलं जायचं. 1212 साली यॉर्कशरमधल्या वेकफील्डचा पीटर नावाचा एक माणूस लोकांना सांगू लागला, की पुढचा स्वर्गारोहणाचा सण येईल तेव्हा जॉन राजा नसेल. भाकरी-पाण्यावर राहणारा हा खेडवळ माणूस पुढचं सांगतो, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती होती. राजानं त्याला समोर बोलावून विचारलं, मी मरणार आहे की गादीवरून उतरणार आहे? पीटर म्हणाला, त्या दिवशी तुम्ही राजा नसाल एवढं नक्की, आणि माझं बोलणं खोटं निघालं तर माझं हवं ते करा. राजानं त्याचा शब्द धरला आणि त्याला कॉर्फच्या किल्ल्यात डांबलं. परिणाम उलटाच झाला. एका गावापुरती असलेली गोष्ट देशभर झाली.

जॉनला तेव्हा कुठूनच उसंत नव्हती. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या नेमणुकीवरून पोपशी बिनसलं होतं, 1208 पासून देशभर धर्मविधी बंद होते, 1209 मध्ये राजा स्वतः बहिष्कृत झाला होता, सरदार कट शिजवत होते आणि खाडीपलीकडे फ्रान्सचा फिलिप स्वारीच्या तयारीत होता. 15 मे 1213 ला जॉननं हात टेकले. आपलं राज्य त्यानं पोपच्या स्वाधीन केलं आणि वर्षाला 1000 मार्क देण्याच्या बोलीवर जहागीर म्हणून परत घेतलं. आठ दिवसांनी, 23 मेला, सण आला. राजानं मोकळ्या माळावर तंबू ठोकून लोकांना बोलावलं आणि दिवस मजेत घालवला. मग पीटरला घोड्याला बांधून कॉर्फपासून वेअरहॅमपर्यंत फरफटत नेलं आणि तिथं फासावर चढवलं. बापाच्या बोलण्यात मुलाचाही हात असेल, या संशयावरून मुलालाही.

लोकांनी यावर जो निवाडा केला तो मला फार बोलका वाटतो. ते म्हणू लागले, पीटर नाहक मेला. राज्य पोपचं झाल्यावर जॉन राजा उरला होताच कुठे? वेंडोव्हरचा रॉजर हा बखरकार तर आणखी पुढे जातो. राजा पोपला शरण का गेला याची तो चार कारणं देतो आणि त्यातलं एक म्हणजे जवळ येत चाललेला तो सण. म्हणजे पीटरच्या बोलण्यानं जी धास्ती बसली, तिनंच त्याचं बोलणं खरं करून दाखवलं.

मध्ययुगीन युरोपातल्या भविष्यवाण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं भेटतात. एकांना ते सगळं तमोयुगातलं खूळ वाटतं, शाळेतल्या इतिहासानं तसं पक्कं करून ठेवलेलं असतं. दुसरी मंडळी दर निवडणुकीला नॉस्त्रेदमसच्या चौपद्यांतून भारताचा नेता शोधून काढणारी. दोघांची भांडणं कितीही असोत, कसोटी एकच: सांगितलेलं खरं निघालं का? ही कसोटी त्या काळाला लावली की हाती काहीच लागत नाही. त्या समाजात भविष्यवाणी म्हणजे उद्याची बातमी नव्हती. आज काय चुकतंय हे सत्तेला तोंडावर सांगण्याची ती एक मान्य रीत होती, आणि ज्यांना दुसरी कुठलीच रीत उपलब्ध नव्हती त्यांना ती वापरता येत होती. मात्र तिला कोणी स्वातंत्र्य म्हणू नये. ती मुभा होती, तिची किंमत होती आणि देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकत होता.

हा माझ्या पदरचा आधुनिक अर्थ नाही. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनस या धर्मपंडितानं आपल्या महाग्रंथात भविष्यवाणीचा विचार सविस्तर केला आहे आणि तो वाचताना तर्कशुद्ध वकिलाचा युक्तिवाद ऐकतोय असं वाटतं. तो म्हणतो, संदेष्टे प्रत्येक काळात होत आले आहेत. नवी श्रद्धा शिकवायला नव्हे, तर माणसांच्या वागण्याला दिशा द्यायला. हे दान दुसऱ्यांच्या भल्यासाठी मिळतं, म्हणून ते मिळालेला माणूस स्वतः सज्जन असलाच पाहिजे असंही नाही. आणि धमकीवजा भविष्यवाणी ही वेगळी जात आहे, ती खरी ठरावीच असं नाही. बायबलातल्या योना या संदेष्ट्याचं उदाहरण सगळ्यांना पाठ होतं. चाळीस दिवसांत निनवे नष्ट होणार असं तो ओरडत फिरतो, शहर गोणपाट नेसून उपास करतं, देव शिक्षा मागे घेतो आणि योना रुसून बसतो. सांगितलेलं घडलं नाही, म्हणूनच ती भविष्यवाणी सफल झाली. ज्या समाजाच्या धर्मग्रंथातच अशी गोष्ट आहे, त्याला फसलेल्या तारखांची यादी दाखवून आपण काय सिद्ध करणार?

तारखा तर लोक बिनदिक्कत बदलत. लेबनॉनचा उंच देवदार तोडला जाईल, अशा वाक्याची एक छोटी भविष्यवाणी 1240 च्या सुमारास, मंगोलांच्या भीतीच्या काळात फिरू लागली. पुढे तिला नवी गोष्ट चिकटली: 1287 साली त्रिपोलीच्या सिस्टर्शियन मठात मिस्सा चालू असताना वेदीवरच्या वस्त्रावर एक हात उमटला आणि त्यानं ही अक्षरं लिहिली. धर्मयोद्ध्यांच्या ताब्यातलं त्रिपोली मुसलमान सैन्याच्या हाती पडलं 1289 मध्ये, तेव्हा 1287 हा आकडा कोणी आणि का घातला हे उघड आहे. प्लेगच्या साथीत तोच मजकूर पुन्हा बाहेर निघाला. त्याला लबाडी म्हणता येईल. पण नकलून घेणाऱ्या मठवासींनी तो जपला, कारण अंगावर कोसळणाऱ्या संकटाला काही क्रम आहे, त्यातून पार पडता येतं, एवढं तो त्यांना सांगत होता.

स्त्रियांचं काय, हा प्रश्न आला की ही मुभा म्हणजे नेमकं काय होतं ते स्पष्ट दिसतं. पौलाच्या नावावरच्या पत्रात बाईनं शिकवू नये असं लिहिलेलं. पण योएलच्या पुस्तकात तुमचे पुत्र आणि कन्या संदेश देतील असंही लिहिलेलं. चर्चला दोन्ही वचनं एकाच वेळी पाळायची होती. अ‍ॅक्वायनसनं तोड काढली: स्त्रीला संदेशाचं दान मिळू शकतं, पण भर सभेत तिनं शिकवायचं नाही. या दोन वाक्यांमधली जी फट आहे, त्या फटीतून दोन-तीनशे वर्षं कितीतरी बायका बोलल्या.

बिंगेनची हिल्डगार्ड त्यांत पहिल्या मानाची. 1098 चा जन्म, लहानपणापासून मठात, चाळिशी उलटल्यावर दृष्टान्त लिहायला सुरुवात. 1147-48 च्या हिवाळ्यात ट्रियरला धर्मसभा भरली होती, तिथं तिसरा यूजीन पोप हजर होता. हिल्डगार्डच्या अपुऱ्या ग्रंथातला भाग त्यानं तिथं वाचला आणि पुढे लिहायला परवानगी दिली. त्या परवानगीवर तिनं पुढची तीस वर्षं काय काय केलं ते बघण्यासारखं आहे. नवा मठ काढला, नदीकाठच्या शहरांत जाऊन धर्मगुरूंसमोर प्रवचनं दिली, कलोनच्या धर्मगुरूंना त्यांच्या आळसाबद्दल आणि लोभाबद्दल फैलावर घेतलं, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं आपले वेगळे पोप उभे केले तेव्हा त्यालाही सुनावलं. एरवी कुठल्याही मठमातेला यातलं बहुतेक काही करता आलं नसतं.

1178 सालचा प्रसंग तर जवळून बघावा असा. तिच्या रूपर्ट्सबर्ग मठाच्या जागेत एका उमरावाला पुरलं होतं. त्याला पूर्वी चर्चनं बहिष्कृत केलेलं होतं. माइन्झच्या अधिकाऱ्यांनी हुकूम काढला, प्रेत उकरून बाहेर टाका. हिल्डगार्डचं म्हणणं, मरण्याआधी त्याची चर्चशी दिलजमाई झाली होती, मी उकरणार नाही. जुनी आठवण अशी सांगतात, की कबर कुठली ते ओळखू येऊ नये म्हणून ऐंशी वर्षांच्या या बाईनं आपल्या काठीनं जमीन सारखी करून टाकली. अधिकाऱ्यांनी मठावर बंदी घातली: घंटा नाही, ख्रिस्तशरीराचं दान नाही, आणि गाणं नाही. स्वतः स्तोत्रांना चाली लावणाऱ्या मठमातेच्या मठात प्रार्थना कुजबुजत म्हणायच्या! तिनं माइन्झला जे पत्र लिहिलं त्यात कायद्याचा मुद्दा फारसा नाही. सैतानाला देवाची स्तुती सहन होत नाही; जे लोक सबळ कारणाशिवाय देवाचं गाणं बंद पाडतात, त्यांना स्वर्गात देवदूतांच्या गाण्यात जागा मिळणार नाही. हे मी म्हणत नाही, मला दिसलं ते लिहिते. 1179 च्या मार्चमध्ये बंदी उठली, सप्टेंबरात ती वारली.

‘हे मी म्हणत नाही’ हीच ती किंमत. हिल्डगार्ड वैद्यक जाणत होती, संगीत जाणत होती, सम्राटाच्या राजकारणाचे धागेदोरे तिला ठाऊक होते. पण हे सगळं ‘मला कळतं’ असं ती म्हणू शकत नव्हती. मी एक गरीब, न शिकलेली बाई, माझ्यातून दुसरा कोणी बोलतोय, असंच तिला पुन्हापुन्हा लिहावं लागलं. याच्या शेजारी तिच्या नंतरच्या पिढीतला कॅलाब्रियाचा मठाधिपती, फिओरेचा जोआकिम, उभा करून पाहा. सगळ्या युरोपात त्याचं नाव संदेष्टा म्हणून गाजलं आणि तो स्वतः मात्र सांगत राहिला, मी संदेष्टा नाही, मला धर्मग्रंथ समजून घेण्याची शक्ती मिळाली आहे. पुरुष असल्यामुळे त्याला समजण्याचा दावा करता आला. बाईला न समजण्याचाच दावा करावा लागला. हिल्डगार्डचा गौरव करणारे आजचे बरेच लेख या मुद्द्यावरून घाईनं पुढे सरकतात, ते मला पटत नाही. मुभेचं कौतुक करायचं तर तिची अटही मोठ्यानं वाचली पाहिजे.

जोआकिमची गोष्ट वेगळ्या अंगानं महत्त्वाची आहे. इतिहासाचे तीन काळ, पित्याचा, पुत्राचा आणि पवित्र आत्म्याचा, असं त्याचं गणित. बेचाळीस पिढ्या, एकेक तीस वर्षांची, म्हणजे 1260. प्रकटीकरणाच्या पुस्तकातही 1260 दिवस आहेतच. तिसरा काळ येईल तेव्हा ध्यानमग्न संन्याशांचं जग असेल. तिसऱ्या धर्मयुद्धाला निघालेला इंग्लंडचा रिचर्ड 1190-91 च्या हिवाळ्यात मेसिनाला थांबला होता, त्यानं मुद्दाम जोआकिमला बोलावून घेतलं. जोआकिमनं सांगितलं, जगाच्या अंताआधी येणारा ख्रिस्तविरोधी जन्माला आला आहे, तो रोममध्ये आहे आणि पोपच्या आसनावर बसेल. रिचर्ड ताबडतोब म्हणाला, मग तो आत्ताचा पोप क्लेमंटच असला पाहिजे. राजेलोक अशी वाणी कशी वापरत हे या एका उत्तरात आलं.

जोआकिम 1202 मध्ये वारला. त्याच्या गणितानं खरी आग लावली ती त्यानंतर, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या अनुयायांमध्ये. अनवाणी, भिक्षेवर जगणारा आमचा संघ म्हणजेच तिसऱ्या काळाची पहाट, असं त्यातल्या काहींना वाटू लागलं. बोर्गो सान डोन्निनोच्या जेरार्डोनं 1254 मध्ये पॅरिसला जाहीरच केलं, की जोआकिमची पुस्तकं हेच आता सनातन शुभवर्तमान. पुढच्याच वर्षी पोपनं त्याचं लिखाण निषिद्ध ठरवलं, आणि जेरार्डो जन्मभर कोठडीत राहिला. सालिम्बेने नावाचा पार्म्याचा एक फ्रान्सिस्कन बखरकार याच पंथातला. सम्राट दुसरा फ्रेडरिक हाच शेवटचा जुलमी, अजून त्याची सगळी पापं व्हायची आहेत, असं त्याचं गणित होतं. फ्रेडरिक 1250 मध्ये मध्येच मेला. सालिम्बेनेला खरंच वाटेना. फेरारात खुद्द पोपच्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठे पटलं. मग 1260 ही कोरडंच गेलं. त्यानंतर त्यानं लिहून ठेवलं, की तो सिद्धान्त मी साफ सोडला आणि यापुढे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणार नाही. बाराव्या-तेराव्या शतकातली माणसं भाबडी होती म्हणणाऱ्यांनी हा माणूस वाचावा.

सालिम्बेनेनं सोडलं, पण सगळ्यांनी नाही. कारण त्या गणितामागे एक सरळ व्यवहारी प्रश्न होता: गरिबीची शपथ घेतलेल्या संघानं धान्याची कोठारं आणि दारूची तळघरं ठेवायची की नाही? दक्षिण फ्रान्समधले कडवे बंधू म्हणत, नाही. ते आखूड, ठिगळांचे झगे घालत. बाविसाव्या जॉन पोपनं 1317 मध्ये फर्मावलं, झगा कसा असावा आणि कोठार ठेवावं की नाही हे वरिष्ठ ठरवतील, तुम्ही ऐकायचं. 7 मे 1318 ला मार्सेला चार बंधूंना जिवंत जाळलं. कोठार आणि झग्यासाठी? कागदावर तसंच दिसतं. पण श्रीमंत चर्च म्हणजे देहाच्या लोभाचं चर्च आणि त्याचा काळ भरत आला आहे, हे जेव्हा संदेशाच्या भाषेत बोललं जातं तेव्हा कोठाराचा वाद कोठारापुरता राहत नाही. हिल्डगार्डनंही धर्मगुरूंच्या लोभावर आसूड ओढले होते, तिला कोणी जाळलं नाही. ती वागणं सुधारा म्हणत होती. हे लोक मिळकत सोडा म्हणत होते, आणि ऐकणार नाही असंही म्हणत होते.

या बाबतीत चर्चचं वागणं किती दुटप्पी होतं, ते रुपेसिस्साच्या जॉनकडे बघून कळतं. हाही फ्रान्सिस्कन. 1344 पासून कैदेत, पुढे आव्हिन्यों या तेव्हाच्या पोपच्या राजधानीच्या शहरातल्या तुरुंगात. तिथं बसून त्यानं भविष्यावर एकामागून एक ग्रंथ लिहिले आणि दरबारातल्या कार्डिनलांनी ते वाचले. (याच माणसानं दारूचा अर्क काढण्याच्या विद्येवर लिहिलेला ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांच्या किमयागारांनी डोक्यावर घेतला.) 1356 च्या त्याच्या लहानशा पुस्तकात येत्या काही वर्षांत जमिनीवरचे किडे सिंहांना खातील, सामान्य लोक उठून जुलमी सरदारांना गिळतील असं लिहिलेलं आहे. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. त्याला कोणी सोडलं नाही आणि त्याची शाईही तोडली नाही. धोकादायक माणूस कुलपात असावा, पण तो काय म्हणतो ते आपल्याला कळत राहावं, ही सोय आव्हिन्योंनं करून घेतली होती.

इथं कोणी मला अडवेल आणि ते योग्यच होईल. गरिबांचा आवाज, स्त्रियांचा आवाज हे सगळं ठीक, पण याच भाषेनं रक्तही सांडलं. 1096 मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या नावाखाली र्‍हाइनकाठच्या ज्यू वस्त्यांची कत्तल झाली. माइन्झमध्ये शेकडो माणसं मेली. त्या टोळीचा म्होरक्या एमिखो, एका प्रेषितानं येऊन मला खूण दिली आहे आणि मुकुटाचं वचन दिलं आहे, असं सांगत असल्याचं ज्यू बखरीत नोंदलेलं आहे. त्याच लाटेत एका हंसिणीत पवित्र आत्मा संचारलाय असं मानून तिच्यामागून चालणारेही होते. आखेनचा बखरकार अल्बर्ट ते सांगतो आणि संतापतो. हंसीण हसण्यावारी नेता येते, एमिखो नाही. जेरुसलेमला शेवटचा सम्राट मुकुट ठेवील आणि मग अंत येईल, हे शतकानुशतकं फिरत आलेलं भाकीत ज्याच्या हाती लागलं, त्यानं ज्यूंच्या दारावर कुऱ्हाड मारली.

दामिएताचं उदाहरण मूर्खपणाचं, पण तितकंच महाग. पाचव्या धर्मयुद्धात 1219 मध्ये इजिप्तमधलं हे बंदर जिंकल्यावर पोपचा प्रतिनिधी पेलागियस याच्या हाती अरबीतून आलेल्या भविष्यवाण्या लागल्या. पूर्वेकडचा एक राजा आणि हबशांचा एक ख्रिस्ती राजा येऊन इस्लामचा पाडाव करतील, मक्का उद्ध्वस्त होईल, असा त्यांचा मथितार्थ. त्या सैन्यापुढे वाचल्या गेल्या. पूर्वेकडून कोणी राजा डेव्हिड येतोय अशा वार्ता येतच होत्या. येत होता तो चंगेजखान. 1221 च्या जुलैत सैन्य नाईलच्या वरच्या अंगाला निघालं, पुराच्या पाण्यात आणि इजिप्तच्या सैन्यात कोंडलं गेलं, आणि ऑगस्ट संपता संपता दामिएता परत देऊन सुटलं. हे स्वप्न मात्र बुडालं नाही. 1512 मध्ये इथिओपियाच्या एलेनी राणीचा दूत मॅथ्यू गोव्यात आला, तेव्हा पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कनं प्रेस्टर जॉनचा, म्हणजे दंतकथेतल्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती राजाचा, दूत आला म्हणून त्याचा थाटात सत्कार केला. नाईल वळवून इजिप्त कोरडं पाडायचं असे बेत अल्बुकर्कच्या डोक्यात होते. गोव्याच्या इतिहासात मसाल्याच्या व्यापाराबद्दल भरपूर लिहिलं जातं. या तीनशे वर्षं जुन्या वाणीला त्यात एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

तेव्हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष, की असल्या बोलण्याचं तोंड दाबणंच शहाणपणाचं, तो मान्य नाही. एमिखोला कोणी तपासलं नाही; त्याच्याकडे तलवारी होत्या. पेलागियसला कोणी तपासलं नाही. तोच पोपचा प्रतिनिधी होता. तपासणी व्हायची ती पीटरची, जेरार्डोची, आणि बायकांची. छाननीची चाळणी होती, फक्त ती दुबळ्यांसाठी होती.

ही छाननी चौदाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्र होऊ लागली, आणि त्यामागे एक ताजी जखम होती. दृष्टान्त सांगणाऱ्या स्वीडनच्या ब्रिजेटनं पाचव्या अर्बन पोपला बजावलं होतं, रोम सोडून आव्हिन्योंला परत गेलास तर मरशील. तो 1370 च्या सप्टेंबरात गेला आणि डिसेंबरात मेला. त्याच्यामागून आलेल्या अकराव्या ग्रेगरीला सिएनाच्या रंगाऱ्याच्या घरातल्या कॅथरिननं पत्रांवर पत्रं लिहिली, आव्हिन्योंला जाऊन भेटली, रोमला चला म्हणाली. 17 जानेवारी 1377 ला ग्रेगरी रोममध्ये शिरला, 1378 च्या मार्चमध्ये वारला आणि त्यानंतर काही महिन्यांत चर्चला दोन पोप झाले. ही फूट जवळजवळ चाळीस वर्षं टिकली. कॅथरिन रोमच्या पोपच्या बाजूनं उभी राहिली, व्हिन्सेंट फेरर आव्हिन्योंच्या. दोघेही पुढे संत झाले. पॅरिस विद्यापीठाचा कुलपती झाँ जेर्सों सांगतो, की मरणशय्येवरच्या ग्रेगरीनं ख्रिस्तशरीर हातात धरून भोवतालच्यांना बजावलं: धर्माच्या आडून आपल्या डोक्यातले दृष्टान्त सांगणाऱ्या बायाबापड्यांपासून आणि पुरुषांपासून सावध राहा, मी माझ्या माणसांचं ऐकलं नाही आणि फसलो.

ही गोष्ट सांगण्यात जेर्सोंचा स्वतःचा स्वार्थ होता हे विसरू नये. 1401 च्या सुमारास त्यानं खऱ्या-खोट्या दृष्टान्तांची पारख करण्यावर लिहिलं. सोन्याचं नाणं पारखावं तसा संदेश पारखा: वजन म्हणजे नम्रता, लवचिकपणा म्हणजे सारासार विवेक, टिकाऊपणा म्हणजे सहनशीलता, छाप म्हणजे सत्य, रंग म्हणजे प्रेम. 1415 मध्ये, कॉन्स्टन्सच्या धर्मसभेत ब्रिजेटचा विषय निघाला असताना, त्यानं प्रश्नावलीच दिली: कोण, काय, का, कुणाला, कसं, कुठून. प्रश्न उत्तम आहेत. आजच्या कुठल्याही पत्रकारानं खिशात ठेवावेत असे. फक्त विचारणारा कोण, हा प्रश्न यादीत नाही. जेर्सोंचं उत्तर गृहीत होतं: पदवी घेतलेला धर्मपंडित. त्यानं बायकांच्या उतावळेपणावर आणि बडबडेपणावर जे ताशेरे ओढले, ते वाचले की नाण्याची उपमा कोणासाठी बनवली होती ते कळतं. शंभर वर्षांनी, 1516 च्या डिसेंबरात, लॅटरन सभेनं नियमच केला: ख्रिस्तविरोधी अमुक तारखेला येणार असं प्रवचनात सांगायचं नाही, आणि असा कुठलाही संदेश आधी रोमकडे तपासणीला पाठवायचा.

या सगळ्या पारखशास्त्राची लाज काढली ती एका शेतकऱ्याच्या मुलीनं. 1429 च्या वसंतात, प्वातियेला, फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सच्या पंडितांनी जोन ऑफ आर्कला सुमारे तीन आठवडे तपासलं. त्यांतला एक, सेगँ, लिमुझँच्या बाजूचा, बोलण्यात तिकडचा हेल. त्यानं विचारलं, तुझा तो आवाज कुठल्या भाषेत बोलतो? ती म्हणाली, तुमच्यापेक्षा बऱ्या भाषेत. चमत्काराची खूण दाखव म्हटल्यावर म्हणाली, खुणा दाखवायला मी प्वातियेला आलेले नाही, ओर्लियाँला पाठवा. (भाषेची ती गंमत म्हातारपणी सेगँनं स्वतःच साक्षीत सांगितली, हा त्याचा मोठेपणा.) पंडितांनी अहवाल दिला: वाईट काही आढळलं नाही, तिला पाठवायला हरकत नाही. 8 मेला इंग्रजांनी ओर्लियाँला घातलेला वेढा उठला, 17 जुलैला रीम्सला चार्ल्सचा राज्याभिषेक झाला.

दुसऱ्याची पारख करायची वेळ आली तेव्हा जोन स्वतः काय करत होती तेही बघा. ला रोशेलच्या कॅथरिन नावाची बाई म्हणे, माझ्याकडे रात्री एक गोरी, सोनेरी वस्त्रातली बाई येते. जोन तिच्या शेजारी रात्रभर जागी बसली, कोणी आलं नाही. तिनं सल्ला दिला: नवऱ्याकडे जा, घरकाम बघ, पोरं सांभाळ.

1431 मध्ये रूआँला, इंग्रजांच्या पैशावर, बिशप कोशों आणि पॅरिस विद्यापीठाच्या पंडितांनी तीच मुलगी, तेच आवाज, तेच प्रश्न पुन्हा तपासले आणि उलट उत्तर काढलं. 1 मार्चच्या जबानीत तिनं सांगितलं होतं, की सात वर्षांच्या आत इंग्रज ओर्लियाँपेक्षा मोठं काहीतरी गमावतील. कारकुनांनी ते इमानानं लिहून घेतलं. 1436 च्या एप्रिलात पॅरिस चार्ल्सच्या हाती आलं. तोवर तिला जाळून पाच वर्षं झाली होती, आणि भाकीत खरं झालं म्हणून रूआँचा निकाल कोणी उघडून पाहिला नाही. तो उघडला गेला 1450 मध्ये, रूआँ शहर चार्ल्सनं जिंकल्यावर. एका पाखंडी बाईनं आपल्याला राज्याभिषेकाला नेलं, हा डाग राजाला आता नको होता. जोनची आई इझाबेल 1455 च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये अर्ज घेऊन उभी राहिली. ओर्लियाँ, प्वातिये, तिचं गाव डोंरेमी, सगळीकडून साक्षी गोळा झाल्या, आणि 7 जुलै 1456 ला नव्या न्यायालयानं जुना खटला रद्द केला: कपट, खोटे आरोप, कायद्याच्या आणि वस्तुस्थितीच्या चुका. तिचे आवाज देवाचे होते की नव्हते, यावर निकालपत्रानं काहीच ठरवलं नाही.